मोटारीतील अक्रोडाचे लाकूड : झिजलेल्या रोगणाचा इतिहास आणि नूतनीकरणाचा प्रश्न

प्रास्ताविक

मोटारीचा इतिहास प्रामुख्याने इंजिनांचा, कारखान्यांचा आणि शर्यतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मोटारीच्या आत बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणि हाताखाली जे असते, त्याची नोंद त्या मानाने फार कमी आढळते. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या उंची मोटारींच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या मोटारींत डॅशबोर्ड, दारांच्या वरच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी आणि मागच्या प्रवाशांसाठी केलेली घडीची मेजे अक्रोडाच्या लाकडाने मढवलेली असत. पन्नास-साठ वर्षे ऊन, दमट हवा आणि हातांचा घाम सोसल्यावर हे लाकूड फिकट पडते. त्यावरील रोगणाला बारीक तडे जातात आणि काठांवर पापुद्रे सुटतात. अशा वेळी मालकासमोर एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहतो : जुने रोगण काढून नवे चढवावे की आहे ते राखावे?

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. पुराणवास्तू, चित्रे आणि मूर्ती यांच्या जतनाविषयी गेली पावणेदोनशे वर्षे जी चर्चा चालू आहे, तिचीच ही एक शाखा आहे. मात्र मोटारीतील लाकडाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाइतकेच रसायनशास्त्रावरही अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणत्या काळात कोणते रोगण वापरले गेले हे समजल्याशिवाय ते काढावे की नाही याचा निर्णय करता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम या लाकडाचा व त्यावरील लेपांचा इतिहास पाहून नंतर नूतनीकरणाच्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे.

घोडागाडीचा वारसा

‘डॅशबोर्ड’ हा शब्दच मुळी घोडागाडीतून आलेला आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूस लाकडाची किंवा चामड्याची एक आडवी फळी लावत. घोडे गेले, चिखल उडण्याचे कारण गेले, परंतु फळी राहिली आणि तिच्यावर घड्याळे व काटे बसले. शब्दाप्रमाणेच कारागीरही घोडागाडीतूनच मोटारीत आले. लंडनमधील हूपर ही संस्था १८०५ पासून गाड्या बांधत होती, तर बार्कर ही संस्था आपली परंपरा १७१० पर्यंत मागे नेत असे. रोल्स-रॉइस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत ग्राहकाला पूर्ण मोटार विकतच नसे. ती इंजिन, चाके आणि सांगाडा तेवढा पुरवी. त्यावर पेटी बांधून घेण्यासाठी ग्राहक हूपर, बार्कर, एच. जे. मुलिनर, थ्रप अँड मेबर्ली यांसारख्या गाडीबांधकामकारांकडे जाई.

या कारागिरांच्या पेढ्यांत लाकडाची दोन वेगळी कामे होती आणि त्यांतील फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. पहिले काम सांगाड्याचे होते. अ‍ॅश या चिवट व लवचिक लाकडाची चौकट करून तिच्यावर धातूचे पत्रे ठोकले जात. हे लाकूड कोणाच्या दृष्टीस पडत नसे. दुसरे काम अंतर्भागाच्या सजावटीचे होते. येथे अक्रोड, महोगनी, सॅटिनवुड अशी देखणी लाकडे वापरली जात आणि त्यांचे काम घरातील उंची लाकूडसामानाच्या पद्धतीने होई. दिवाणखान्यातील कपाट आणि मोटारीचे दार एकाच परंपरेतल्या हातांनी चकचकीत होत असे.

पोलाद आले तेव्हा यांतील पहिले लाकूड गेले. अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कारखान्याने १९१४ मध्ये डॉज मोटारींसाठी संपूर्ण पोलादी पेट्या बनवावयास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये १९२६ साली काउली येथे प्रेस्ड स्टील ही कंपनी उभी राहिली. रोल्स-रॉइसने १९४६ मध्ये बेंटली मार्क सिक्स या मोटारीपासून कारखान्यातच पूर्ण केलेली पोलादी पेटी देऊ केली, तेव्हा स्वतंत्र गाडीबांधकामकारांचा काळ सरत आल्याचे स्पष्ट झाले. हूपरने १९५९ मध्ये काम थांबवले आणि त्याच वर्षी मुलिनर ही संस्था रोल्स-रॉइसने विकत घेतली.

दुसरे लाकूड मात्र टिकले. यांत्रिकदृष्ट्या त्याची काहीच गरज उरली नव्हती. पत्र्याच्या डॅशबोर्डावर काटे तितक्याच चांगल्या रीतीने बसतात. तरीही ते टिकले याचे कारण सामाजिक होते. पोलादी साच्यातून एकसारख्या हजारो पेट्या निघू लागल्यावर ‘ही गाडी माणसाच्या हातांनी घडली आहे’ असे सांगणारी खूण आतल्या लाकडापुरतीच उरली. विल्यम लायन्स यांना हे नेमके उमगले होते. १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे दुचाकीच्या जोडगाड्या बनवण्यापासून आरंभ करून पुढे कॉव्हेंट्रीत जग्वार हे नाव गाजवणाऱ्या लायन्स यांनी मध्यमवर्गातील वरच्या थराला परवडेल अशा किमतीत उमरावाच्या गाडीचा थाट दिला. या थाटात अक्रोडाचा वाटा मोठा होता. १९५९ ते १९६७ या काळात तयार झालेल्या जग्वार मार्क टू या मोटारीत बसल्यावर समोर अक्रोडाची रुंद फळी आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर त्याच लाकडाच्या पट्ट्या दिसतात. १९६१ च्या मार्क टेनमध्ये तर घडीची मेजेही लाकडाने मढवलेली होती. याउलट त्याच कंपनीच्या, त्याच वर्षी आलेल्या ई-टाइप या वेगवान मोटारीत लाकडी डॅशबोर्ड नव्हता. तेथे नक्षीदार अ‍ॅल्युमिनियम व काळे आवरण होते. लाकूड हे स्वास्थ्याचे आणि प्रतिष्ठेचे चिन्ह होते, तर वेगाचे चिन्ह धातू होते. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन मोटारींत ही विभागणी इतकी स्वच्छ दिसते, की वेगळ्या पुराव्याची गरज भासू नये.

अमेरिकेत याच चिन्हाचे स्वस्त प्रतिरूप निघाले. १९३० च्या दशकात तेथील अनेक मोटारींच्या पत्र्याच्या डॅशबोर्डावर छपाईच्या तंत्राने लाकडाच्या रेषा उमटवल्या जात. या नकलेचीही आता वये झाली असून ती दुरुस्त करणे खऱ्या लाकडापेक्षा अवघड ठरते, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

गाठीचे लाकूड आणि पापुद्रा

मोटारीत दिसणारे अक्रोडाचे लाकूड जवळजवळ कधीच भरीव नसते. अक्रोडाच्या बुंध्यावर किंवा मुळाशी कधी कधी विकृत वाढीची मोठी गाठ तयार होते. या गाठीतील तंतू सरळ न वाढता असंख्य सुप्त कळ्यांभोवती वळसे घेतात. त्यामुळे कापल्यावर तिच्यात डोळे, भोवरे आणि ढगांसारख्या आकृत्या दिसतात. असे लाकूड देखणे असले तरी कमकुवत आणि वेडेवाकडे आकसणारे असते. म्हणून त्याचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनीअर, काढून ते प्लायवुडच्या किंवा साध्या लाकडाच्या पाट्यावर चिकटवतात. एकापाठोपाठ एक कापलेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून शेजारी लावले की मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंस एकमेकांचे प्रतिबिंब असावे अशी आकृती उमटते. इंग्रजी मोटारींच्या डॅशबोर्डावरील ही सममिती योगायोगाची नसते. एका मोटारीतील सर्व भाग एकाच ओंडक्याच्या पापुद्र्यांतून काढण्याची प्रथा होती. कोणते तुकडे कोणत्या मोटारीचे हे कळावे म्हणून त्यांच्या मागच्या बाजूस बहुधा पेन्सिलीने किंवा शिक्क्याने क्रमांक घातलेला असे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करवतीने कापलेला पापुद्रा एक मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असे. पुढे पात्याने सोलून काढण्याची यंत्रे आल्यावर ही जाडी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर आली. नूतनीकरणाच्या दृष्टीने हा आकडा निर्णायक आहे. प्रत्येक वेळी पॉलिशपेपर फिरवताना त्यातला काही अंश कायमचा जातो. जुन्या दिवाणखान्यातील मेज चार-पाच वेळा घासून निघू शकते, परंतु १९६० च्या मोटारीच्या दाराची पट्टी तितके सोसू शकत नाही. वळणदार काठांवर तर एकाच बेसावध हाताने खालचा पाटा उघडा पडतो.

सरस, लाख आणि ड्युको

या पापुद्र्याला पाट्याशी जोडणारा जुना पदार्थ म्हणजे सरस. जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला हा सरस उष्णता आणि ओल यांनी पुन्हा सैल होतो. सुताराच्या दृष्टीने हा गुण होता, कारण चुकलेला सांधा पुन्हा उघडता येई. मोटारीत मात्र हाच दोष ठरला. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान ६० अंश सेल्सियसच्याही पुढे जाऊ शकते. इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९३७ मध्ये एरोलाइट हा युरिया-फॉर्मल्डिहाइड प्रकारचा कृत्रिम चिकटा तयार केला. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो या लाकडी विमानाच्या बांधणीत त्याचा उपयोग झाला. युद्धानंतर या जातीचे चिकटे लाकूडकामात सर्वत्र आले. ते ओलीने सुटत नाहीत, परंतु त्याचबरोबर सुतारालाही ते परत उघडता येत नाहीत. लेपांच्या इतिहासात आपल्याला हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसणार आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील उत्तम लाकूडसामानावरचे रोगण हे लाखेचे होते. लाखेचा कीटक पळस, बोर व कुसुम या झाडांवर वाढतो. या लाखेचा मोठा पुरवठा भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या पठारावरून, होत असे. जतुगृहाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला लाखेचे ज्वालाग्राहीपण नव्याने सांगावयास नको. सावंतवाडीच्या लाखकामामुळे तिची चमकही आपल्या परिचयाची आहे. रांचीजवळ नामकूम येथे १९२४ मध्ये लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून या व्यापाराचे तत्कालीन महत्त्व ध्यानात यावे. लंडनमधील एखाद्या उमरावाच्या मोटारीतील चकाकीचा उगम अशा रीतीने पळसाच्या फांदीवर होता. वसाहतीच्या अर्थकारणाचा विचार करताना कापूस, नीळ आणि अफू यांचा उल्लेख नेहमी होतो. लाख या यादीत क्वचितच येते.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने ती लाकडावर वर्तुळाकार गतीने चढवावयाची ही फ्रेंच पॉलिशची रीत होय. शेकडो अतिपातळ थरांनी चकाकी येते. या रीतीचा महत्त्वाचा गुणधर्म असा की जुना थर नव्या थरातील स्पिरिटने किंचित विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. लाखेचे पॉलिश काढावे लागत नाही. ते ताजे करता येते. घरातील कपाटे दर काही वर्षांनी पॉलिशवाल्याला बोलावून उजळली जात असत. मूळ लेप आणि नंतरचा लेप यांच्यात तेथे सीमारेषा आखताच येत नाही. झीज आणि नूतनीकरण हे या वस्तूच्या आयुष्यातच गृहीत धरलेले होते.

पहिल्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज बनवण्याचे प्रचंड कारखाने युद्ध संपल्यावर रिकामे पडले. हाईम वाइझमन यांनी युद्धकाळात जिवाणूंच्या साहाय्याने अ‍ॅसिटोन तयार करण्याची जी पद्धत बसवली होती, तीतून ब्युटॅनॉल हा दुसरा पदार्थही निघे. त्यापासून नायट्रोसेल्युलोज विरघळवणारे उत्तम द्रावक मिळू लागले. या दोन गोष्टींच्या संयोगातून द्यू पाँ कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने ‘ड्युको’ हे लॅकर तयार केले आणि ते १९२३ मध्ये ओकलंड मोटारींवर प्रथम वापरले गेले. तोवर तेलयुक्त रोगणाने मोटार रंगवावयास आठवडे लागत. ड्युको काही तासांत वाळे आणि पिचकारीने मारता येई. आपल्याकडील रंगाऱ्यांच्या आणि सुतारांच्या तोंडी ‘ड्युको’ हा शब्द आजही आहे. त्याचा मूळ संबंध एका युद्धोत्तर दारूगोळ्याच्या साठ्याशी आहे, याची जाणीव मात्र सहसा नसते.

मोटारीच्या बाहेरील रंगाबरोबरच आतील लाकडावरही सेल्युलोजचे पारदर्शक लॅकर आले. १९५० च्या दशकातील आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी मोटारींच्या अक्रोडावर बहुधा हेच आढळते. ते लाखेपेक्षा कठीण असले तरी एका बाबतीत तिच्यासारखेच होते : आपल्याच द्रावकात ते पुन्हा विरघळे. त्यामुळे तडे गेलेला थर काही मर्यादेपर्यंत द्रावक शिंपडून पुन्हा सांधता येतो. त्याचा मोठा दोष म्हणजे अतिनील किरणांनी ते पिवळे पडते आणि ठिसूळ होते.

या दोषावरचा इलाज म्हणून १९६० नंतर पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन यांचे जाड लेप आले. ते काचेसारखे चमकतात आणि स्पिरिट सांडले तरी डागाळत नाहीत. सध्याच्या आपल्या बोलीतील ‘पीयू पॉलिश’ ते हेच. यांचे रेणू वाळताना एकमेकांत कायमचे गुंफले जातात, म्हणून कोणतेही साधे द्रावक त्यांना परत विरघळवू शकत नाही. एकदा तडा गेला की तो सांधता येत नाही. संपूर्ण थर खरवडून काढणे एवढाच मार्ग उरतो. टिकाऊपणाच्या नावाखाली दुरुस्तीची शक्यताच नाहीशी झाली, असे येथे म्हणणे भाग आहे. आज आपल्या घरातील बहुतेक वस्तूंबाबत हा अनुभव येतो, त्याची सुरुवात अशा अप्रसिद्ध पृष्ठभागांवर शोधली पाहिजे.

झीज कशी होते

बहुतेक लाकडे उजेडात काळवंडतात. अक्रोड याला अपवाद आहे. ते फिकट होत जाते आणि त्याचा तपकिरी रंग मधासारख्या पिवळसर छटेकडे झुकतो. काचेतून अतिनील किरणांचा एक भाग अडतो, परंतु दीर्घ लांबीच्या लहरी साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. म्हणून दारांच्या पट्ट्या वरच्या बाजूस अधिक फिकट आणि हातमोज्यांच्या कप्प्याच्या आतील बाजू मूळ रंगाची असे दृश्य दिसते. एखाद्या मोटारीचे मूळ रूप काय होते हे ठरवावयाचे असेल, तर या झाकलेल्या जागा हाच सर्वांत विश्वसनीय पुरावा असतो. काटे काढल्यावर त्यांच्या कडेखाली उरलेले रोगणाचे कडे हाही तसाच पुरावा होय.

ओलाव्याचा परिणाम वेगळा आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या दिशेने बरेच आकसते व फुगते. हवेतील आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात सुमारे ९ टक्के पाणी असते आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते सुमारे १६ टक्के होते. इंग्लंडच्या हवेत घडलेली मोटार मुंबईच्या पावसाळ्यात आणि नंतर दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे राहिली, तर पापुद्रा आणि पाटा वेगवेगळ्या मापाने हलतात. परिणामी काठ सुटतात आणि रोगणाला तंतूंच्या दिशेने समांतर तडे जातात. संस्थानिकांनी भारतात आणवलेल्या मोटारींची सांख्यिक माहिती पुष्कळ सांगितली जाते. त्यांच्या लाकडाने येथील हवामानाशी जो झगडा केला त्याची नोंद मात्र त्या लाकडावरच आहे. ते घासले की ही नोंदही संपते.

नूतनीकरणाची रीत

प्रचलित रीतीत प्रथम सर्व तुकडे उतरवून त्यांचा क्रम नोंदला जातो. नंतर जुने रोगण काढतात. जोरदार रसायन वापरले तर ते सरसाचा सांधाही ढिला करते आणि उष्ण हवेचा झोत दिला तर पापुद्रा फुगतो. म्हणून जाणते कारागीर धारदार पत्र्याच्या खरवडणीने हलक्या हाताने काम करणे पसंत करतात. पॉलिशपेपर शेवटी आणि अत्यल्प वापरावा असा संकेत आहे. सुटलेले काठ चिकटवून, तुटलेल्या जागी जुळत्या रेषांचा तुकडा बसवतात. लोखंडी खिळ्यांमुळे पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने उतरतात, कारण ते लाकडातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने झालेले असतात. त्यानंतर फिकटलेला रंग रंजकाने परत आणतात, छिद्रे भरतात आणि लॅकरचे अनेक थर देऊन ते पाण्यासह बारीक कागदाने सपाट करून उजळतात.

या वर्णनातील प्रत्येक पायरी कौशल्याची आहे आणि तिच्यात गैर असे काही नाही. अडचण निराळीच आहे. नव्या कामाची चकाकी बहुधा मूळ चकाकीपेक्षा जास्त असते. स्पर्धांतील परीक्षक आणि लिलावातील गिऱ्हाईक आरशासारखा पृष्ठभाग पाहून खूश होतात, म्हणून १९५५ च्या मोटारीवर आजचा जाड पॉलियुरेथेन थर चढतो. अशी मोटार कोणत्याही वर्षी कोणत्याही कारखान्यातून तशी निघालेली नसते. तिच्यापुढे उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याची दिशाभूल होते आणि पुढील पिढीतील कारागिराचे हातही बांधले जातात, कारण त्याला हा थर विरघळवता येणार नाही.

अस्सलतेविषयीचे वाद

वास्तुजतनाच्या क्षेत्रात हा वाद जुना आहे. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये जीर्णोद्धारावर कठोर टीका केली. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक यांनी त्याच काळात इमारतींना परिपूर्ण रूप देण्याचा पक्ष घेतला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग दाखवला : तर्काला सुरुवात होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये स्वीकृत केलेल्या तुरिन सनदेत हीच तत्त्वे मोटारींना लागू केलेली आहेत. वाहनाच्या वापरातून उमटलेल्या खुणा हाही त्याच्या इतिहासाचा भाग मानला जातो. त्याआधीच, या शतकाच्या आरंभी, अमेरिकेतील पेबल बीच येथील प्रसिद्ध स्पर्धेत न उजळलेल्या मोटारींसाठी वेगळा विभाग सुरू झाला होता.

तथापि युरोपीय पुरावाप्रधान दृष्टी जशीच्या तशी स्वीकारावी काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. जपानमधील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते आणि तरीही ते प्राचीन मानले जाते. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलता ही केवळ मूळ द्रव्यात नसून तंत्र, परंपरा आणि उपयोग यांतही असू शकते हे मान्य केले. आपल्याकडे देवमूर्तींच्या वज्रलेपावरून झालेल्या वादांतही ही दोन मते समोरासमोर आलेली दिसतात : एकाला झीज हा अपाय वाटतो, दुसऱ्याला लेप.

मोटारीतील लाकडाच्या संदर्भात या दोन दृष्टींपैकी एकीची सरसकट निवड करणे अनावश्यक आहे, असे वाटते. निकष रोगणाच्या स्वभावातच सापडतो. लाखेचे पॉलिश असलेल्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारीवर पुन्हा लाखेचे पॉलिश चढवणे हा तिच्या परंपरेचाच भाग आहे. तेथे नारा दस्तऐवजाचा न्याय लागू पडतो. सेल्युलोजच्या लॅकरबाबत आधी स्वच्छ करणे, मग द्रावकाने सांधणे आणि हे दोन्ही फसल्यावरच काढणे असा क्रम असावा, आणि काढलेच तर पुन्हा सेल्युलोजच वापरावे. पॉलिएस्टरच्या काळातील मोटारींना मात्र व्हेनिस सनदेची कडक शिस्त लागू पडते. तेथे काढणे म्हणजे मूळ द्रव्य कायमचे नष्ट करणे होय. त्यामुळे तड्यांसह जगण्याची तयारी ठेवावी, निदान एखादा तुकडा तरी न घासता जपून ठेवावा. या मतावर असा आक्षेप येईल की मालकाने मोटार चालवण्यासाठी घेतली आहे, संग्रहालयासाठी नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण चालवण्यासाठी लाकूड आरशासारखे असण्याची गरज नसते. ते पाट्याला धरून राहिले आणि ओल आत शिरली नाही एवढे पुरते.

भारतीय संदर्भ

दिल्लीत १९६४ पासून भरणारी स्टेट्समन फेरी, अहमदाबादजवळ कठवाडा येथील प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आणि २००८ मध्ये मुंबईत भरलेली पहिली कार्टिये स्पर्धा यांनी भारतात जुन्या मोटारींविषयीची आस्था जागी ठेवली. कायद्याने या आस्थेची दखल उशिरा घेतली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या वाहनांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. हा फेरबदल सांगाडा, पेटी आणि इंजिन यांच्या संदर्भात पाहिला जातो. म्हणजे इंजिन बदलले तर मोटार या व्याख्येच्या बाहेर जाऊ शकते, पण डॅशबोर्डावरील अक्रोड काढून तेथे सागवानाचा पापुद्रा आणि पीयू पॉलिश चढवले तर कोणी विचारणार नाही.

असा बदल भारतात अनेकदा झाला असणार हे उघड आहे, कारण सुटलेल्या अक्रोडाच्या जागी तसाच पापुद्रा मागवणे आयातीवरील निर्बंधांच्या दशकांत सोपे नव्हते. स्थानिक सुतारांनी सागवान, शिसम असे जे हाताशी होते ते बसवले. त्याकडे दोष म्हणून पाहावे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ती दुरुस्ती त्या मोटारीच्या भारतीय आयुष्याचा दस्तऐवज आहे आणि इंग्लंडमधून तयार संच मागवून तो पुसून टाकणे हीही एक हानीच होय. निदान जुनी फळी टाकून देऊ नये. तिच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, सरसाचे डाग आणि एखाद्या अनामिक सुताराने मारलेल्या खुणा असतात, आणि ती बाजू कोणीही आजवर घासलेली नसते.